टिटवी इथे उतरत नाही

बारकीने चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं. बॅग अजून हातात, जिना चढल्याचा दम अजून छातीत, आणि म्हणाली, मी बाबांना घेऊन जायला आलेय. आई गेली तेव्हा जी आली नाही, त्यानंतर तीन वर्षं जिचा नुसता फोनवर आवाज येत राहिला, ती मुलगी उंबऱ्यात उभी राहून असं बोलली. घरात कुणी तिला ये म्हणालं नव्हतं. जा असंही कुणी म्हणालं नव्हतं, हेही खरं.

दादा जमिनीवर मिक्सर उघडून बसला होता. तो गावभरच्या लिफ्टा दुरुस्त करायचा आणि स्वतः तिसऱ्या मजल्यावर राहायचा, जिथे लिफ्ट नव्हती. यावर इतके विनोद होऊन गेले होते की आता कुणी हसतसुद्धा नसे. त्याने मान वर करून बहिणीकडे पाहिलं आणि मान परत मिक्सरमध्ये घातली. हा त्याचा राग. याहून मोठा राग त्याला कधी आला असेल तर तो कुणी पाहिलेला नव्हता.

वहिनी मात्र पुढे झाली. तिने बॅग घेतली, पाणी दिलं, पंखा लावला, आणि हे सगळं जरा जास्तच चपळाईने केलं. तिची सुटका तिच्या हातापायांत दिसत होती. बारकीला ती दिसली. मिक्सरमध्ये मान घातलेल्या दादालाही दिसली.

राहिला म्हातारा. बाबांनी उशाखालून डबी काढली, तोंड फिरवून कवळी बसवली आणि मगच मुलीकडे बघून हसले. ती कवळी बारकीनेच केलेली. दूरच्या त्या शहरात ती दातांच्या कवळ्या बनवायची, आणि बापाचं माप पोस्टाने मागवून, कवळी पोस्टाने पाठवून तिने आपलं कर्तव्य पार पाडलं होतं. वरचे दात बसले, खालचे बसले नाहीत. म्हणून बाबा जेवताना कवळी काढून ठेवायचे आणि मुलीचा फोन आला की घालायचे. जगात बहुतेक ते एकटेच असतील, जे दात नुसते फोनसाठी वापरत होते.

जाणार की राहणार, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. विषय मोठा आहे, म्हणाले, सभा घ्यावी लागेल.

दादाने मिक्सरचं झाकण जरा जोरात लावलं.

*

सभा म्हणजे टिटवीची सभा. टिटवी ही या घराची विमान कंपनी.

बाबा बस डेपोत टाइमकीपर होते. कुठली गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, हे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. हजारो गाड्या त्यांनी बाहेर सोडल्या आणि स्वतः त्यांतल्या एकीतही शेवटच्या थांब्यापर्यंत गेले नाहीत. त्यांचा भाऊ, म्हणजे मुलांचा काका, वेल्डर होता. तो कामासाठी समुद्रापार गेला तेव्हा दादा शाळेत होता आणि बारकी नुकती वाचायला लागली होती. काका कधी येणार, असं ती रोज विचारायची. बाबा सांगायचे, तिकडे आपली गाडी जात नाही. एकदा ती म्हणाली, मग जाईल अशी काढा. आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, टिटवी देखील समुद्र आटवी, काढा की. झालं. कंपनीला नाव मिळालं, आणि दुसऱ्या दिवशी बाबांनी डेपोतला रद्द झालेला वेळापत्रकाचा मोठा कागद आणून त्याच्या कोऱ्या पाठीवर पहिला मार्ग आखला. एका टोकाला काका.

बाबांना फक्त बसच माहीत, त्यामुळे टिटवी बससारखीच चालली. विमानात कंडक्टर होता. तो दोरी ओढून दोनदा घंटा वाजवायचा, मगच विमान उडायचं. वाटेत चहापाण्याला थांबा होता, आणि ज्याला मध्येच उतरायचं असेल त्याने आधी सांगायचं होतं. पुढे प्रत्येक सभेत कंपनीला थोडा भूतकाळ मिळत गेला. पहिलं विमान एका बुडालेल्या सर्कशीकडून घेतलं होतं, त्यामुळे मागच्या सीटांना कायम सिंहाचा वास येई आणि मांजरं त्या विमानात चढत नसत. पहिली वैमानिक आधी शिवणयंत्रं विकायची. तिने एकदा चालू सामन्यात मैदानावर विमान उतरवलं आणि दोन्ही संघ हरले. पुढे घार नावाची दुसरी कंपनी निघाली. तिची विमानं चकाचक, पण तिच्यात चहा मिळत नसे, म्हणून ती तीन मोसमांत बसली. खिडक्या मोठ्या करा म्हणून टिटवीच्या वैमानिकांनी संप केला तो बारकीच्या अकराव्या वर्षी, तिला गोवर निघाला होता तेव्हा. ती वैमानिक, बाबा टाइमकीपर, आई तपासणीस. दादाला उंचीची भीती वाटायची. त्याला खाली उभं राहून फडकं हलवायचं काम दिलं होतं. विमान सुटलं की फडकं हलवायचं. आणि मग? मग काही नाही. विमान गेलेलं असायचं.

मार्ग वाढत गेले. मावशी लग्न करून लांब गेली, तिला मार्ग मिळाला. आईला छातीच्या दुखण्यापायी वर्षभर डोंगरावरच्या दवाखान्यात ठेवलं, तेव्हा उतरणीवर उतरणारं खास विमान निघालं, त्याची पुढची चाकं लहान होती. बारकी गेली, तिच्या शहराला रोजची सेवा सुरू झाली. नियम कुणी लिहिला नव्हता, पण पक्का होता. जो घरातून जाईल त्याला मार्ग. आई गेल्यावर बाबांनी कुणाला न विचारता आणखी एक रेघ काढली, पेन्सिलने. ती कागदाच्या कडेपर्यंत जाते आणि तिथे कुठल्याच गावाचं नाव नाही. त्या रेघेबद्दल घरात कुणी कधी बोललं नाही.

हे सगळं ऐकायला गोड वाटतं. गोडच होतं, आणि तिथेच या घराचा घात झाला. ज्या माणसांना समोरच्याला तू मला हवा आहेस एवढं म्हणता येत नाही, ती माणसं विमान कंपन्या काढतात. टिटवीला कधी अपघात होत नसे, हा दुसरा नियम. वाईट काही सांगायचंच असेल तर हवामान खराब म्हणायचं. बारकी नापास झाली, हवामान खराब. आईबाबांचं भांडण झालं, हवामान खराब. दूध नासलं तरी तेच. आणि आई खरोखर जायला लागली, डॉक्टरांनी बोलवायचं त्यांना बोलवा म्हणून सांगितलं, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात उभ्या राहिलेल्या दादाच्या तोंडून फोनवर शब्द निघाले ते हेच. इथलं हवामान फार खराब आहे गं.

बारकीला वाटलं, आईबाबांचं वाजलं असेल. ती हसली. उड्डाण पुढे ढकला म्हणाली आणि कामाला लागली. पुढच्या फोनपर्यंत आई राहिली नाही.

चूक कुणाची? दोघांनी तीन वर्षं एकमेकांना एवढंच विचारलं, तेही मनातल्या मनात. तोंडाने फक्त बाबांना दे म्हणायचं आणि देतो म्हणायचं.

*

वहिनी एक्स-रे काढायची. दिवसभर परक्या माणसांना श्वास रोखून धरा म्हणायचं आणि घरी येऊन स्वतःचा रोखायचा, असा तिचा दिवस. या घरात आल्यावर तिला टिटवीत काय काम द्यायचं यावर सभा झाली होती, आणि ठरलं की ती प्रवासी. प्रवाशाला मत नसतं. तेव्हा नवी नवरी म्हणून ती हसली होती. आता तिला हसू येत नसे.

स्वयंपाकघरात बारकी कांदा चिरायला बसली तेव्हा वहिनीने सगळं सांगितलं, कुणी विचारलं नव्हतं तरी. बाबांचे गुडघे गेलेत, तीन जिने उतरवत नाहीत, म्हणून वर्षभर ते घरातच आहेत. नजर अधू झालीय, गॅस चालू राहतो. तिची कामाची पाळी बदलली की ती घरात नाही, दादा कुठल्या तरी इमारतीत अडकलेला, आणि म्हातारा एकटा. बारकीने सांगितलं, तिच्या इमारतीला लिफ्ट आहे, समोर बाग आहे, ती घरूनही काम करू शकते. वहिनीला हे ऐकून इतकं बरं वाटलं की तिने बारकीच्या पाठीवर हात ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दोघींचं जमलं. आता फक्त दादाला वळवायचं, बारकी म्हणाली. आणि बाबांना, वहिनी म्हणाली, आणि दोघी हसल्या, कारण बाबांना विचारायचं राहूनच गेलं होतं.

बारकीने मात्र हसणं आवरून पुढचा कांदा चिरायला घेतला. ती बापाला न्यायला आली होती ती त्याचे गुडघे गेले म्हणून नव्हे. त्या शहरात संध्याकाळी खोलीत शिरताना तिला आत येते गं असं म्हणायची सवय लागली होती, आणि खोलीत कुणीच नसायचं. हे कुणाला सांगणार? त्यापेक्षा लिफ्ट आणि बाग सांगणं सोपं.

*

जेवणं झाल्यावर टेबलावर कागद पसरला. चार कोपऱ्यांवर तीन कप आणि कवळीची डबी. बाबा खुर्चीत ताठ बसले, डेपोत बसायचे तसे, आणि मागच्या सभेचा वृत्तांत तोंडपाठ सांगू लागले. आवाजात तरतरी आली होती. मुलं दोन्ही बाजूंना बसलीत, मधे मार्ग पसरलेत, हेच त्यांना हवं होतं. ठराव कसला का असेना.

बारकीने ठराव मांडला की कंपनीचं मुख्य ठाणं तिच्या शहरात हलवावं. हवा चांगली, धावपट्टी सपाट. दादा म्हणाला, जुनं विमान आहे, लांबचा पल्ला झेपणार नाही, चाकं गेलीत. बारकी म्हणाली, चाकं तिथे दुरुस्त होतात, इथे नुसतं ग्रीस लावतात. दादा म्हणाला, पुढचे दिवेही मंद झालेत, नव्या जागी धडकेल. बारकी म्हणाली, मग सोबत माणूस राहील. आणि इथे कुणी नसतं का सोबतीला, दादाने विचारलं. असं बराच वेळ चाललं. गुडघ्यांना चाकं म्हणत, डोळ्यांना दिवे म्हणत, दोन वाढलेली माणसं बापासमोर बापाचा सौदा करत होती, आणि बाप दोन्हीकडे मान हलवून, मुद्दा ग्राह्य आहे, असं म्हणत होता.

मग बारकीच्या तोंडून एक वाक्य गेलं. प्रवाशांनी आजवर कंपनीची खूप सेवा केली आहे, आता त्यांना सुट्टी मिळायला हवी. ते ती वहिनीकडे बघून, प्रेमाने म्हणाली.

वहिनी दाराशी उभी होती. तिला वाटलं होतं, हे ऐकून बरं वाटेल. वाटलं नाही. घासलेलं पातेलं तिने तसंच खाली ठेवलं.

"सेवाबिवा काही केली नाही मी. भांडलेय मी त्यांच्याशी, रोज. गॅसवरून, औषधावरून, टीव्हीच्या आवाजावरून. माझी आई गेली तेव्हा याच खुर्चीत बसून ते मला म्हणाले होते, रड, मी बसलोय. एवढे सरळ शब्द या घरात मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकले नाहीत. मला सुट्टी हवीय, खरंय. पण म्हणून सामान हलवल्यासारखं बोलू नका."

सकाळी जमलेलं दुपारी मोडलं. दादा बायकोकडे असा बघत राहिला, जणू बंद पडलेली लिफ्ट आपोआप चालू झाली.

वहिनी टेबलाशी आली. तिने कप उचलला तसा कागदाचा एक कोपरा गुंडाळला गेला. बाबा, म्हणाली, तुम्हाला जायचंय की नाही ते सांगा, आणि विमानाचं नाव न घेता सांगा.

बाबांनी कागदाकडे पाहिलं. मग तिच्याकडे. टाइमकीपरकडून घड्याळ काढून घ्यावं तसं त्यांना झालं. त्यांनी कवळी काढली, डबीत ठेवली. आज जेवतानाही त्यांनी ती काढली नव्हती. मुलीसमोर ते पहिल्यांदाच दातांशिवाय बसले, आणि गाल आत गेलेला तो चेहरा बघून बारकीने खाली पाहिलं.

"जातो हिच्याबरोबर," ते म्हणाले. शब्द फुसफुसत आले. "मला तिकडचं काही नको. लिफ्ट नको, बाग नको. पण मी गेलो नाही तर ही परत दिसायची नाही. हिची आई अशीच गेली, मुलीची वाट बघत. माझ्याच्याने ते होणार नाही. सकाळी उठलो की पहिला विचार हिचाच येतो, ही उठली असेल का. झोपताना शेवटचा हिचाच. आता पुरे झालं."

बारकी रडायला लागली. तीन वर्षांचं रडणं होतं, त्याला आवाज होता. ती उठून बापाच्या खुर्चीशी बसली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकवलं. बाबांनी तिच्या केसांवर हात ठेवला. चित्र पुरं झालं. फक्त टेबलाच्या पलीकडे एक माणूस बसला होता.

दादा कागदावर बोट फिरवत होता. काकाची रेघ, मावशीची, डोंगराची, बारकीची, आईची. पाच रेघा, पाचही बाहेर जाणाऱ्या. तो लहानपणापासून हा कागद बघत आला होता आणि त्याला आत्ता ते दिसलं, किंवा आधीही दिसलं असेल, बोलता आलं नसेल.

"टिटवीचं एकही विमान कधी इथे उतरलं नाही," तो म्हणाला. "बघा ना. सगळी सुटतात. इथे काय आहे? इथे मी फडकं हलवतो."

त्याने बोट कागदावरून उचललं आणि हात खिशात घातले.

"सकाळी उठलो की पहिला विचार हिचा येतो म्हणालात. सकाळी तुम्हाला उठवतो कोण, बाबा? आंघोळीला पाणी कोण काढतं? मी रोज दिसतो म्हणून माझी आठवण यायचा प्रश्नच नाही. आईचंही तेच. शेवटी माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं आणि विचारत होती, बारकी आली का. मी नाही म्हणालो. परत विचारलं, बारकी आली का. मी आलो होतो ना. मी गेलोच नव्हतो कुठे."

बारकीने डोकं उचललं. आईने असं विचारलेलं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिला दादाचा हात धरावासा वाटला, पण त्याने हात खिशात घातले होते.

बाबांना बोलायचं होतं. खोटं सांगायचं त्यांनी ठरवलं असतं तर सांगता आलं असतं, तुझीही येते रे आठवण, असं. पण आज सरळ बोलायचं ठरलं होतं, आणि सरळ उत्तर असं होतं की नाही येत. जो समोर आहे त्याची आठवण येत नाही. मेहरबानी म्हणून सुद्धा येत नाही. हा अन्याय आहे आणि तो घराघरात चालतो. जो पळतो त्याच्यासाठी आई दिवा लावून बसते, आणि जो राहतो त्याने त्या दिव्यात तेल ओतायचं.

दादा उठला. चपला घातल्या. रविवारी कुठे निघालास, वहिनीने विचारलं. त्याने सांगितलं नाही. दार आपटलंही नाही, नीट लावून घेतलं, आणि जिन्यावर त्याची पावलं खाली खाली जात राहिली.

*

त्याला जायला जागा नव्हती. हे त्याला चौकात आल्यावर कळलं. इतकी वर्षं तो कामाला गेला आणि कामावरून आला. मधे कुठे जावं याची त्याला सवयच नव्हती. तो पंक्चरवाल्याच्या टपरीवर गेला, तिथल्या बाकावर बसला. पंक्चरवाला ओळखीचा. कुठली लिफ्ट बिघडली, त्याने विचारलं. कुठलीच नाही, दादा म्हणाला, नुसता बसलोय. पंक्चरवाल्याला हे पटलं नाही, पण त्याने चहा सांगितला. दादाने फोन बंद केला. आयुष्यात त्याने फोन कधी बंद केला नव्हता. कुणी तरी कुठे तरी लिफ्टमध्ये अडकलेलं असतंच.

वर घरात कागद टेबलावरच होता. बारकीने तो गुंडाळायला घेतला तर बाबा राहू दे म्हणाले. तिने तिकिटाचा विषय काढला, परवाचं मिळेल का बघते म्हणाली, तेव्हा बाबा म्हणाले, आधी तो येऊ दे. वहिनीने दादाला फोन लावला. लागला नाही. परत लाव, बाबा म्हणाले. परत लागला नाही.

तो असा कधी जात नाही, ते म्हणाले. कुणाला तरी सांगून जातो. चहाच्या वेळेला तर असतोच.

चहाची वेळ झाली. वहिनीने चार कप केले आणि एक झाकून ठेवला. बाबांनी आपला घेतला नाही. ते उठले, टेबलाची कड, मग कपाटाची कड, मग भिंत धरत खिडकीपर्यंत गेले. बारकी आधार द्यायला धावली तर तिचा हात त्यांनी बाजूला केला. लागला का, ते विचारत होते. अगं, लागला का त्याचा फोन. बारकी शेजारी उभी होती, अगदी खांद्याला खांदा लावून, आणि ते तिच्याकडे बघत नव्हते. तीन वर्षं फोनवर जो आवाज तिला आपल्यासाठी ऐकू यायचा, तोच आवाज ती आता बाजूला उभी राहून ऐकत होती, आणि तो तिच्यासाठी नव्हता. तिला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही. पण त्याखाली आणखी काही तरी होतं, दादाची इतक्या वर्षांची जागा कशी असते ते पायाखाली कळत होतं.

रस्त्यावर दिवे लागायला लागले तसा दादा टपरीवरून उठला. सवयीने पाय घराकडे वळले. कोपऱ्यावर आल्यावर त्याने वर पाहिलं.

तिसऱ्या मजल्यावर खिडकीत बाबा उभे होते. दोन्ही हातांनी गज धरलेले, दातांशिवायचं तोंड उघडं, अधू डोळ्यांनी खालचा रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चाचपडणारे. प्रत्येक येणाऱ्या माणसावर मान पुढे यायची. तो नाही असं कळलं की मागे जायची. समोरच्या पिशवीवाल्यावर पुढे आली, मागे गेली. सायकलवाल्यावर पुढे आली.

दादाने हात वर करायला घेतला. अर्ध्यातच थांबला.

मग तो बंद दुकानाच्या पत्र्याखाली, उजेडाच्या बाहेर सरकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. अजून थोडा वेळ, त्याने स्वतःला सांगितलं. जाणारच आहे वर. अजून थोडाच वेळ.